वाचकांचे प्रश्न: जुन्या शेव्हेलसाठी बिग-ब्लॉक

प्रश्न: माझ्याकडे शेव्हरोलेची १९६९ची शेव्हेल ही गाडी असून तिच्यातील ३५० घनइंचांचे स्मॉल-ब्लॉक (लहान ब्लॉकचे व्ही-८) इंजिन काढून वापरलेले बिग-ब्लॉक (मोठ्या ब्लॉकचे व्ही-८) इंजिन बसवायचे आहे. कमी खर्चात कोणते घ्यावे?

उत्तर: ३९६ किंवा ४२७ घनइंचांच्या बिग-ब्लॉकमागे लागू नका, संग्राहकांमुळे त्यांचे भाव चढलेले असतात. शेव्हरोलेच्या जुन्या पिकअप, सबर्बन व मोटरहोममधून निघालेले ४५४, म्हणजे ७.४ लिटरचे इंजिन पाहा. त्यातही १९९० पर्यंतच्या मार्क फोर पिढीचे निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण १९९१पासूनच्या जेन फाइव्ह पिढीच्या ब्लॉकवर यांत्रिक फ्युएल पंपाची जागाच नाही. ट्रकच्या हेडची (सिलिंडरवरच्या भागाची) पोर्ट, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या वाटा, लहान आणि कॉम्प्रेशन कमी असते, त्यामुळे वरच्या आरपीएमला ते मागे पडते. रस्त्यावरच्या गाडीला मात्र त्याचा कमी आरपीएमचा टॉर्क (ओढण्याची ताकद) फार उपयोगी पडतो.

विकत घेण्यापूर्वी ब्लॉकच्या मागे बेलहाउसिंगजवळ (जिथे गिअरबॉक्स जोडतात) ओतलेला कास्टिंग नंबर ताडून पाहा, कारण विक्रेत्याचे शब्द पुरावा ठरत नाहीत. शक्य असल्यास एक हेड काढायला लावा आणि सिलिंडरच्या वरच्या कडेवरून नख फिरवा: नख ठळक कंगोऱ्याला अडले, तर बोअरिंग (सिलिंडर कोरून मोठे करणे) आणि नव्या पिस्टनचा खर्च किमतीत धरावाच लागेल. ऑइल दुधाळ दिसले, तर सौदा सोडून द्या.

मार्क फोर ४५४चे संतुलन बाहेरून साधलेले असल्याने हार्मोनिक बॅलन्सर (क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाची चकती) आणि फ्लायव्हील (मागच्या टोकाची जड चकती) किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीची फ्लेक्सप्लेट त्याच इंजिनाची सोबत घ्या. ३९६ची लावल्यास कंप सुटतो आणि बेअरिंग खराब होतात. मोठा रेडिएटर आणि पुढच्या कडक स्प्रिंगांसाठीही पैसे बाजूला ठेवा.