पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर बसवायचाय : १५ अँपिअरचा सॉकेट पुरेल की वॉलबॉक्सच हवा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाचव्या मजल्यावर फ्लॅट, खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये तुमची ठरलेली जागा. पुढच्या महिन्यात टियागो ईव्ही येणार. रोज वाकड ते मगरपट्टा जाऊन-येऊन ४५-५० किलोमीटर. शोरूमवाले ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जिंगचा डबा, घ्या म्हणतात, तुमचा नेहमीचा वायरमन म्हणतो १५ अँपिअरचा पॉइंट काढून देतो, तासाभराचं काम. आणि सोसायटीची कमिटी अजून हो-नाही काहीच म्हणत नाही.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. गेल्या काही वर्षांत गाड्यांचे बरेच पॉइंट टाकले, आणि दुसऱ्यांनी टाकलेले दुरुस्तही केले. तुमच्या वापराला १५ अँपिअरचा पॉइंट पुरेल. पण ते तासाभराचं काम नाही, आणि तसं कुणी करून देत असेल तर करून घेऊ नका.

आधी गाडीचं बघा. भिंतीवरचा तो डबा खऱ्या अर्थाने चार्जर नसतोच. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा चार्जर गाडीच्या आत असतो आणि वेग तोच ठरवतो. टियागोच्या काही व्हेरियंटमध्ये आतला चार्जर ३.३ किलोवॅटचा आला, काहींत ७.२ चा. तुमचा ३.३ वाला असेल तर भिंतीवर कितीही मोठा डबा लावा, गाडी ३.३ च घेणार. बुकिंगच्या कागदावर व्हेरियंट तपासा, मग वॉलबॉक्सचा विचार करा.

आता हिशोब. टियागो शहरात एका युनिटला साधारण आठ किलोमीटर जाते असं धरा. पन्नास किलोमीटरला सहा-सव्वासहा युनिट, चार्जिंगमधली घट धरून मीटरवर सात. ३.३ किलोवॅटने ते दोन-सव्वादोन तासांत भरतात. २४ युनिटची बॅटरी पार रिकामी झाली तरी रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी तयार असते. घरात दोन ईव्ही असतील, किंवा दिवसातून दोनदा लांबचा फेरा असेल तर ७.२ ला अर्थ आहे.

पाचव्या मजल्यावरून वायर खाली आणायची चिंता तुम्ही लिहिलीय, ती सोडा. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असतात. तुमच्या मीटरखाली तुमचा मेन स्विच असेल. त्या स्विचमधून वीज बाहेर पडते त्या बाजूने एक वेगळी लाइन काढायची, तिथेच छोटा डबा बसवून त्यात एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळून शॉक बसण्याचा धोका झाला की लाइन तोडणारा स्विच) टाकायचे, आणि केबल सरळ तुमच्या पार्किंगपर्यंत न्यायची. युनिट तुमच्याच मीटरवर पडतात आणि वर घरात जाणाऱ्या वायरवर काही ताण येत नाही. मीटरच्या टर्मिनलचं सील मात्र कुणालाही तोडू देऊ नका. जोडणी मेन स्विचवरच करायची.

कमिटीने ‘कॉमन मीटरवरून घ्या, सबमीटर लावू’ असं सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. आज तुमची एक गाडी आहे, दोन वर्षांनी आठ असतील. लिफ्ट, पंप आणि आठ गाड्या एका कॉमन मीटरवर चालणार नाहीत, शिवाय दर महिन्याला युनिटवरून वाद.

केबलचं अंतर मोजून घ्या, कारण खर्च मुख्यतः तिथेच आहे. १५ अँपिअरच्या पॉइंटला मी ४ स्क्वेअर एमएमच्या खाली तांब्याची केबल टाकत नाही. घरात गिझरला अडीचची वायर चालते, म्हणून बरेच वायरमन इथेही अडीचच ओढतात. पण गिझर वीस मिनिटांत बंद होतो आणि बॅटरी रिकामी असेल तर गाडी सलग सात-आठ तास पूर्ण करंट ओढते. ४० मीटर अंतरावर अडीचची वायर असेल तर १५ अँपिअरला जवळपास नऊ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे एकशे पस्तीसच्या आसपास वॅटची उष्णता रात्रभर त्या पाइपात. चारच्या केबलने ते साडेपाच व्होल्टवर येतं. ७.२ चा वॉलबॉक्स ३२ अँपिअर ओढतो. त्याला कमीत कमी ६ ची, आणि अंतर जास्त असेल तर १० ची केबल. मीटर रूममध्ये कुठे ॲल्युमिनियमची केबल आली असेल तर तांबं तिच्यावर थेट पिळायचं नाही, बायमेटल लग (दोन्ही धातू जोडणारं खास टोक) वापरायचा.

सॉकेटही तसाच. घरातल्या स्विचबोर्डाचा १५ अँपिअरचा सॉकेट तासन्‌तासाच्या लोडसाठी नसतो. एका ग्राहकाकडे प्लग ओढला तर निघेचना. जोर लावला तेव्हा पिन बाहेर आली, पितळ जांभळट काळं पडलेलं, आणि सॉकेटचं एक भोक वितळून अंडाकार झालेलं. बेकलाइट जळल्याचा वास आठ दिवसांपासून येत होता, त्यांना वाटलं शेजारी कुणी कचरा जाळतंय. कारण एवढंच की पिन आत ढिली बसत होती. ढिल्या सांध्याचा रेझिस्टन्स ०.१ ओहम झाला तरी १५ अँपिअरला त्या एका टोकावर बावीस वॅट उष्णता तयार होते. छोटं सोल्डरिंग आयर्नच म्हणा. म्हणून चांगल्या कंपनीचा, मेटल बॉक्समधला, जड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट घ्या. जमिनीपासून कमरेच्या वर बसवा, कारण जुलैत स्टिल्टमध्ये पाणी शिरतं. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

आता अर्थिंग. तुम्ही प्रश्नात अर्थिंगचा उल्लेखच केलेला नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

गाडीबरोबर येणारी चार्जिंग केबल सॉकेटला अर्थिंग नीट आहे का ते आधी तपासते. नसेल तर लाल दिवा लावून बसते आणि चार्जिंग सुरूच करत नाही. ही तुमच्या जिवासाठी केलेली सोय आहे. आणि आपल्या भागात अर्थिंग खराब असणं फार सर्रास आहे. खाली काळा कातळ, वर दोन-तीन फूट मुरूम. कातळातून वीज सहज जात नाही आणि मुरूम उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो. बिल्डरने खड्डा केलेला असतो, प्लेट, कोळसा, मीठ सगळं घातलेलं असतं, पण नंतर दहा वर्षांत त्यात कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नसतं.

मागच्या मे महिन्यात मोशीला एका बंगल्यावर गेलो. तक्रार अशी की गाडी चार्ज होते, पण दाराला हात लावला की कधी कधी झिणझिण्या येतात. आधीच्या वायरमनकडे केबलचा लाल दिवा जात नव्हता, त्याने ‘काहीतरी करून’ हिरवा केला होता. मी मल्टिमीटर लावला. फेज ते न्यूट्रल २३२. न्यूट्रल ते अर्थ बरोबर शून्य, आणि तेही गाडी चार्ज होत असताना. मला तिथेच शंका आली. चांगल्या अर्थिंगवरही लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसतातच. सॉकेट उघडला. आत दोन इंचाचा वायरचा तुकडा, न्यूट्रलच्या स्क्रूवरून थेट अर्थच्या स्क्रूला. खरी अर्थची वायर कापून मागे दुमडलेली. आरसीसीबी सारखा ट्रिप होत होता म्हणून तोही काढून टाकलेला.

न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा हा लूप काय करतो ते नीट समजून घ्या. त्यामुळे न्यूट्रल हीच गाडीची अर्थिंग होते, म्हणजे गाडीचा पत्रा न्यूट्रलला जोडला जातो. मागे मेन स्विचमध्ये न्यूट्रलचा एक स्क्रू ढिला होऊन ती वायर सुटली, तर त्याच लाइनवरच्या उपकरणातून फिरून आलेली वीज न्यूट्रलवर येते आणि लूपमधून गाडीच्या पत्र्यावर. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणजे वीज जमिनीत उतरायला वाट नाही. पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी दार उघडलं की ती वाट म्हणजे तो माणूस. त्या घरात सहा वर्षांची मुलगी होती. शाळेचं दप्तर रोज तीच मागच्या सीटवर ठेवायची.

लूप काढून पुन्हा मोजलं. खऱ्या अर्थच्या वायरवर न्यूट्रल-अर्थ ४१ व्होल्ट. मागच्या अंगणात शहाबादी फरशीखाली खड्ड्याचं झाकण सापडलं, आत माती भाजल्यासारखी कोरडी. दोन हंडे पाणी ओतलं, तासाभरात आकडा नऊवर आला. दोष कुठे आहे ते कळलं, पण पाण्यावर भागवण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, मातीचा थर खोल होता तिथे, नवं केमिकल अर्थिंग (ओल धरून ठेवणारी पावडर घातलेलं) केलं आणि तिथून वेगळी वायर सॉकेटपर्यंत आणली. आता तिथे चार्जिंग चालू असताना दोनच्या आत आकडा असतो.

तुमच्या सोसायटीतही वायर ओढण्याआधी मीटर रूममध्ये हेच मोजायला सांगा, तेही तुमच्यासमोर. न्यूट्रल-अर्थ तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी सोसायटीचं अर्थिंग सुधारायचं. त्याचा फायदा सगळ्याच फ्लॅटना होतो, त्यामुळे खर्च एकट्याने उचलायचं कारण नाही. बाजारात अर्थिंगचा लाल दिवा ‘बायपास’ करणारे अडॅप्टर मिळतात, त्यातले बरेच आतून असाच लूप करतात. तो अडॅप्टर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा आणि टाइप ए चाच. दुकानात टाइप एसी स्वस्त मिळतो, पण गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून गळणारा करंट तो नेहमी ओळखेलच असं नाही. ओळखायची खूण आरसीसीबीच्या तोंडावरच छापलेली असते. टाइप एसीवर चौकटीत नुसती एक नागमोडी रेघ, टाइप ए वर तिच्या खाली अर्धवट टेकड्यांसारखी आणखी एक. १५ अँपिअरच्या पॉइंटला २० चा एमसीबी, वॉलबॉक्सला ४० चा.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो तो बघा. तीन किलोवॅट असेल आणि घरात एसी असेल तर १५ अँपिअरच्या पॉइंटलाही भार वाढवून घ्या. वॉलबॉक्स घेतलात तर बहुधा थ्री फेज मीटर करावा लागेल. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो, पण टप्पे लक्षात ठेवा. गाडीचे महिन्याला पावणेदोनशे युनिट वाढतात. आज तुमचे २०० होत असतील तर ३०० चा टप्पा ओलांडला जाईल आणि वरच्या युनिटना जास्त दर पडेल. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन घेता येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले, त्यात ही तरतूद स्पष्ट केली आहे. त्या मीटरला घरगुतीसारखे टप्पे नाहीत, पण स्थिर आकार वेगळा भरावा लागतो. एका गाडीला आणि तुमच्या वापराला मला घरचाच मीटर बरा वाटतो.

कमिटीकडे तोंडी जाऊ नका. बहुतेक सभासदांना आगीची भीती असते, आणि वर सांगितलेले जळके आणि चुकीचे जोडलेले सॉकेट पाहिले तर ती रास्त आहे. लेखी अर्ज द्या. सोबत केबल कुठून कुठे जाणार याचा साधा नकाशा, भाराचा हिशोब, एमसीबी-आरसीसीबीचं वर्णन आणि कॉन्ट्रॅक्टरच्या लायसन्सची प्रत जोडा. काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट देऊ असंही त्यात लिहा. माझा अनुभव असा की हे कागद समोर ठेवले की सेक्रेटरी विरोध करायचं सोडून स्वतःच्या गाडीचं विचारायला लागतात.

पहिल्या रात्री गाडी लावल्यावर तासाभराने खाली या आणि हाताची मागची बाजू सॉकेटच्या तोंडाला लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर लगेच बंद करून कॉन्ट्रॅक्टरला बोलवा. महिन्याभराने मेन बंद करून सगळे स्क्रू कॉन्ट्रॅक्टरकडून एकदा परत आवळून घ्या, तांब्याची वायर नवीन असताना थोडी दबते.

बिलावरचा मंजूर भार, मीटर रूमपासून पार्किंगचं अंतर आणि न्यूट्रल-अर्थचा आकडा इथे लिहा, केबलचा साइज मी सांगतो.