कनिष्ठ म्हणजे धाकटा!

एका वाचकाचा प्रश्न: लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या 'जनरल कोर्ट'ला मराठीत काय म्हणावे? सर्वसाधारण, दुय्यम की कनिष्ठ न्यायालय? प्रत्येक सदस्य देशाचे दोन असे 54 न्यायाधीश जिथे बसतात, त्याला कनिष्ठ म्हणणे या वाचकांना अपमानाचे वाटते.

'सर्वसाधारण' सोडून द्या, त्याने सोसायटीची सभा आठवते. फ्रेंचमध्ये याचे नाव नुसते 'त्रिब्युनाल' आहे, त्यात 'जनरल' नाहीच.

'दुय्यम' मात्र साफ चूक, आणि तेच सारखे कानावर येते. हा शब्द फारसीतला, अर्थ 'दुसरा'. युरोपीय आयोगाने कंपनीला दंड केला, स्पेनमधल्या आलिकांतेच्या संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने ट्रेडमार्क नाकारला किंवा संघाच्या कर्मचाऱ्याचे आपल्या संस्थेशी बिनसले, तर दावा आधी इथेच येतो. बहुधा तीन किंवा पाच न्यायाधीशांपुढे तो चालतो, फार मोठा असेल तर पंधरांपुढे. लक्झेंबर्गमधल्याच थोरल्या 'कोर्ट ऑफ जस्टिस'कडे अपील त्यानंतर, तेही फक्त कायद्याच्या मुद्द्यावर. 2009 पर्यंत याचे नावच 'कोर्ट ऑफ फर्स्ट इन्स्टन्स' होते. जे पहिले, त्याला दुसरे कसे म्हणता? महसूल खात्यातल्या 'अव्वल कारकुना'चा अव्वल इथे शोभला असता. 'दुय्यम' ही रूढ सरकारी परिभाषा आहे, हे परिभाषाकारांचे उत्तर मला मान्य नाही. जिल्हा न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे प्रशासकीय नियंत्रण असते, म्हणून आपल्याकडे तो शब्द चालतो. लक्झेंबर्गची दोन्ही न्यायालये एकाच संस्थेची अंगे आहेत.

आता कनिष्ठ. पाणिनीचे सूत्र आहे 'युवाल्पयोः कनन्यतरस्याम्': 'युवन्' आणि 'अल्प' या शब्दांना 'इष्ठ' प्रत्यय लागताना त्यांच्या जागी विकल्पाने 'कन्' येतो. सूत्रात युवा आधी, अल्प नंतर! म्हणजे कनिष्ठ हा आधी वयाने धाकटा. कन्या याच कुळातली, डोळ्यातली कनीनिकाही. 'कनिष्ठ नोकरी'ची म्हण पुढे करून जे दर्जाचा अर्थ लादतात, ते मागाहून जडलेल्या अर्थाला मूळ समजतात. थोरले न्यायालय 1952 चे, हे 1989 मध्ये सुरू झालेले. धाकटेच की!

आणि करंगळी बघा, संस्कृतातली कनिष्ठिका. बोटांवर मोजताना आपण सुरुवात तिच्यापासून करतो. कवींची गणना करताना कालिदासाचे नाव कनिष्ठिकेवर आले आणि पुढच्या बोटासाठी त्याच्या तोडीचा कवी मिळेना, म्हणून ते अनामिका ठरले, असे जुने सुभाषित सांगते. सर्वांत धाकट्या बोटावर सर्वांत थोर कवी! जिथे मोजणी सुरू होते ते कनिष्ठ, आणि जिथे दावा सुरू होतो तेही कनिष्ठ. माझ्या मते या न्यायालयाला याहून नेमका शब्द नाही.

तरीही अपमान वाटत असेल, तर मध्य प्रदेशातल्या देवास संस्थानाच्या पवारांकडे बघा. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्ही राज्ये आपापल्या जागी. धाकटी पाती म्हणून जिवाजीरावांचे वंशज कुणाचे नोकर नव्हते. लक्झेंबर्गला तर ऑक्टोबर 2024 पासून व्हॅट, सीमाशुल्क, विमानप्रवाशांची भरपाई अशा ठरावीक विषयांत देशोदेशींच्या न्यायालयांनी विचारलेले प्रश्नही थोरल्याने धाकट्याकडे सोपवले आहेत.

बातम्यांत मात्र दोघांनाही सरसकट 'युरोपचे न्यायालय' म्हणतात, त्याचा मला फार त्रास होतो. अ‍ॅपलकडून 13 अब्ज युरोंच्या करवसुलीचा युरोपीय आयोगाचा आदेश 15 जुलै 2020 ला धाकट्याने रद्द केला. 10 सप्टेंबर 2024 ला थोरल्याने तो निकाल फिरवून वसुली कायम केली. दोन्ही ठिकाणी नुसते 'युरोपचे न्यायालय' लिहिले, की वाचकाला वाटते एकाच न्यायालयाने शब्द फिरवला. क्रमांक तेवढा बघत जा: पहिला टी-778/16, दुसरा सी-465/20 पी. टी त्रिब्युनालचा, सी थोरल्या कोर्टाचा आणि शेवटचा पी फ्रेंच 'पुर्व्वा'चा, म्हणजे अपिलाचा.