चालीला तीन दिवस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी रोज दहा-दहा मिनिटांचे डाव खेळतो. आता एका चालीला तीन दिवस मिळतात, तसा डाव खेळावा असं वाटतंय. पण समोरचा माणूस त्या तीन दिवसांत इंजिनाला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामला, विचारूनच चाल करणार असेल, तर खेळायचं कशासाठी?

या वेळच्या बहुतेक पत्रांमध्ये ही शंका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नियम. चालीला काही दिवस मिळतात ते पत्रबुद्धिबळ, पूर्वी पत्राने खेळायचं. ऑनलाइन त्याची दोन वेगळी घरं आहेत आणि त्यांची गल्लत झाली की मनस्ताप होतो. लिचेस किंवा चेस डॉट कॉम या संकेतस्थळांवरच्या अशा संथ डावांत इंजिनाची मदत घ्यायला सक्त मनाई आहे. मात्र सुरुवातीच्या चालींची पुस्तकं उघडायला, जुन्या डावांचा डेटाबेस पाहायला, वेगळ्या पटावर मोहरे हलवून बघायला परवानगी आहे. समोरासमोरच्या डावात यातलं काहीच चालत नाही, त्यामुळे नवीन माणूस पुस्तक उघडतानाही बिचकतो. बिचकू नका, पुस्तक हा या खेळाचा भाग आहे.

दुसरं घर म्हणजे आयसीसीएफ, पत्रबुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना. ती १९५१ साली सुरू झाली आणि २००४पासून तिचे डाव तिच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालतात. तिथे इंजिन वापरायला मोकळीक आहे. दोन्ही बाजूंना ते उपलब्ध असल्यामुळे वरच्या पातळीवरचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. तिथले खेळाडू यंत्राला कुठे विश्वासात घ्यायचं आणि कुठे नाही यावर आठवडेच्या आठवडे घालवतात. त्या कामाबद्दल मला आदर आहे, पण तुम्ही तिथून सुरुवात करू नका. तुम्हाला स्वतः विचार करायला शिकायचं आहे, म्हणून पहिल्या घरात या.

आता मूळ शंका. नियम मोडणारे भेटतात, हे खरं. ही संकेतस्थळं खेळाडूच्या चाली इंजिनाच्या चालींशी ताडून बघतात, दोषी आढळलेल्यांची खाती बंद करतात आणि गेलेले रेटिंगचे गुण परत देतात. संशय आला तर तक्रार नोंदवा. समोरच्याला संदेशातून काहीही सुनावू नका. तो प्रामाणिक निघाला तर तुम्ही एका चांगल्या खेळाडूचा अपमान केलेला असेल. उत्तम चाल दिसली की लगेच यंत्राचा वास येणं ही सवय फार वाईट आहे, ती लागली की माणूस स्वतःच्या पराभवाची कारणं शोधायचं सोडून देतो.

आणि खेळायचं कशासाठी? दहा मिनिटांच्या डावात तुम्ही आधीपासून जे जाणता तेवढंच वापरता. नवीन काही शोधायला तिथे वेळच नसतो. तीन दिवसांच्या डावात एखादी स्थिती तुमच्याबरोबर राहते. सकाळी वाटतं की हत्ती उघड्या फाइलवर, म्हणजे प्यादी नसलेल्या उभ्या ओळीवर, न्यावा. दुपारी लक्षात येतं की तो तिथे गेला तर मागच्या ओळीवर मात बसते. रात्री सापडतं की आधी एक प्यादं एक घर पुढे सरकवलं तर दोन्ही साधतं. हे तुम्ही स्वतः शोधलेलं असतं आणि पुढच्या दहा मिनिटांच्या डावात ते हाताशी येतं. समोरच्याने लबाडी केली तरी हे शोधणं तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

एक डाव जरूर लावून बघा: एस्ट्रिन विरुद्ध बर्लिनर, पत्रबुद्धिबळाच्या पाचव्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम फेरीतला, १९६५मध्ये सुरू झालेला. एस्ट्रिन ज्या सुरुवातीचा जाणकार होता, तीच बर्लिनरने निवडली आणि आठव्या चालीला वजीर थेट एच४ या घरावर आणून ठेवला. ही कल्पना त्याने घरी बसून, पटावर मोहरे मांडून तपासली होती. पुढे डाव हत्तींच्या अंत्यपर्वात गेला आणि काळ्याने, म्हणजे बर्लिनरने, जिंकला. बर्लिनर ती स्पर्धाही जिंकला. गंमत म्हणजे तो पेशाने संगणकशास्त्रज्ञ होता आणि नंतर बुद्धिबळ खेळणारी यंत्रं त्याने स्वतः घडवली. हा डाव मात्र माणसाच्या चिकाटीचा आहे.

प्रश्न: माझे एकाच वेळी तीसेक डाव चालू असतात. चाल आली की मी काही सेकंदांत उत्तर पाठवते. रेटिंग घसरत चाललंय. माझं काय चुकतंय?

डावांची संख्या. तुम्ही तीन दिवसांचं घड्याळ लावून दहा सेकंदांचा डाव खेळताय. एस्टोनियाचा ग्रँडमास्टर पॉल केरेस तरुणपणी एकाच वेळी दीडशेच्या आसपास पत्रडाव खेळत असे असं सांगतात, आणि तुमच्यासारखे वाचक मला त्याचा दाखला देतात. पण तो केरेस होता आणि त्याला प्रत्येक चाल पोस्टकार्डावर लिहावी लागत होती. लिहिताना हात थांबतो, तेवढ्यात डोकं पुन्हा एकदा पटाकडे बघतं. बटण दाबताना तसा थांबा मिळत नाही, तो आपण घालायचा असतो.

चालू असलेले डाव संपू द्या, नवे घेऊ नका आणि पाच-सहावर येऊन थांबा. त्यानंतर मी करते तसं करून बघा. प्रत्येक डावाला वहीचं एक पान. समोरच्याची चाल आली की पहिली ओळ तिच्याबद्दल लिहायची: या चालीने काय बदललं, कोणतं घर सुटलं, कोणता मोहरा मोकळा झाला. मग माझ्या मनातल्या दोन-तीन चाली आणि प्रत्येकीला समोरच्याचं सर्वांत त्रासदायक उत्तर. माझ्या सोयीचं उत्तर नव्हे, त्रासदायक. मग वही मिटायची. चाल शक्यतो त्या बैठकीत पाठवायचीच नाही. दुसऱ्या दिवशी पट उलटा फिरवून, म्हणजे समोरच्याच्या बाजूने बघायचा. पडद्यावर ते एका बटणाचं काम आहे. खराखुरा लाकडी पट असेल तर उत्तमच, कारण डोळ्यांना कोपऱ्यातला उंट पडद्यापेक्षा तिथे लवकर दिसतो. या सगळ्यातून टिकली ती चाल पाठवायची.

डाव संपल्यावर वहीतल्या नोंदी इंजिनासमोर ठेवा. डाव संपल्यावरच. तुम्ही कुठे चुकलात यापेक्षा तुम्ही काय विचार करून चुकलात हे तुमच्याच अक्षरात समोर येतं. वेगवान डावात अशी नोंद उरतच नाही.

प्रश्न: सशर्त चाली वापराव्यात का?

सशर्त चाल म्हणजे ‘तुम्ही अमुक खेळलात तर माझी चाल ही’ असं आधीच लावून ठेवणं. उत्तर सक्तीचं असेल तिथे जरूर वापरा. मोहऱ्यांची अदलाबदल चालू आहे, शह मिळालेल्या राजाला जायला एकच घर आहे, अशा ठिकाणी चार दिवस वाचतात. बाकी ठिकाणी नको. पोस्टाच्या काळातला एक किस्सा पत्रखेळाडू अजून सांगतात. पांढऱ्याने ई४ खेळलं. काळ्याने उत्तरात प्यादं बी६ला सरकवलं आणि सोबत लिहिलं: तुम्ही काहीही खेळा, माझा उंट बी७वर. पांढऱ्याने आपला उंट ए६वर ठेवला. काळ्याला शब्द पाळून उंट बी७वर न्यावा लागला, पांढऱ्याने तो मारला आणि कोपऱ्यातला हत्ती अडकला. आजच्या संकेतस्थळांवर समोरच्याची नेमकी चाल दिल्याशिवाय सशर्त चाल लावता येत नाही, त्यामुळे इतकी आपत्ती ओढवत नाही. तरीही ‘तो हेच खेळणार’ असं वाटलं की एकदा स्वतःला विचारा, त्याने दुसरं काही खेळलं तर तुम्ही त्याचा विचार केला आहे का.

प्रश्न: पटावर मोजकेच मोहरे उरले आहेत. एंडगेमचा टेबलबेस, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यातल्या सोडवून ठेवलेल्या स्थितींचा साठा, बघितला तर चालेल का?

वर सांगितलेल्या दोन संकेतस्थळांवर डाव चालू असताना नाही. सुरुवातीचं पुस्तक चालतं म्हणून हेही चालेल असं अनेकांना वाटतं. पण पुस्तकात माणसांनी खेळून पाहिलेल्या वाटा असतात, तर टेबलबेस स्थितीचा अंतिम निकालच सांगतो. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थिती आता सुटलेल्या आहेत, सिझिजी हा त्यांचा संच २०१८मध्ये पूर्ण झाला. आयसीसीएफमध्ये मात्र तो बघता येतो, इतकंच नाही तर त्याच्या आधारे विजयाचा किंवा बरोबरीचा दावाही करता येतो.

प्रश्न: डाव महिनोन्‌महिने चालतो. रस कसा टिकवायचा? आणि हरलेल्या स्थितीत समोरचा मुद्दाम वेळ काढत असेल तर?

हिशोब करून बघा: चालीला तीन दिवस, दोघांनीही पुरा वेळ घेतला आणि डाव चाळीस चालींचा झाला, तर दोनशे चाळीस दिवस. हे मान्य असेल तरच तीन दिवसांचं घड्याळ निवडा, नाहीतर एका दिवसाचं घ्या. आयसीसीएफमध्ये वेळ चालीगणिक नसून साठ्यात मिळतो. दहा चालींना पन्नास दिवस हे तिथलं नेहमीचं प्रमाण. त्यामुळे सोप्या चाली झटपट करून अवघड चालीसाठी दिवस राखून ठेवता येतात. मला ती पद्धत जास्त आवडते.

लांबण्याची परंपराही या खेळात जुनी आहे. लंडन आणि एडिंबरा या शहरांचा पत्रसामना १८२४मध्ये सुरू झाला आणि १८२८पर्यंत चालला. एडिंबराने तो जिंकला आणि ‘स्कॉच’ नावाच्या सुरुवातीच्या चालींच्या पद्धतीला तिचं नाव तिथून मिळालं. दहावं पत्रबुद्धिबळ ऑलिम्पियाड तर १९९५मध्ये संपलं, तेव्हा सुवर्ण मिळवणारा सोव्हिएत संघ आणि कांस्य मिळवणारा पूर्व जर्मनी हे दोन्ही देश नकाशावर उरले नव्हते. खेळाडूंनी आपले डाव मात्र पूर्ण केले होते.

वेळ काढणाऱ्याबद्दल: त्याचा वेळ त्याचा आहे, नियमात बसतंय तोवर तक्रार करू नका. तो डाव यादीत खाली जाऊ द्या, समोर आला की जिंकायची चाल नीट तपासून पाठवा. अशा कंटाळलेल्या डावांतच जिंकलेली स्थिती निसटते. आणि लांबचा प्रवास किंवा परीक्षा असेल तर आधी सुट्टीची सोय आहे का बघा. ती काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते. नसेल तर त्या आठवड्यांत नवा डाव घेऊच नका.