वाचकांचे प्रश्न : युद्धातले मृत मोजतं कोण?

प्रश्न : एका युद्धातला बॉम्बहल्ला आठवडाभर पहिल्या पानावर असतो. सुदानमध्ये गावंच्या गावं उठतात, त्याला आतल्या पानात चार ओळी. गोऱ्यांचा जीव तेवढा जीव का?

रंगाचा भाग आहेच. नाही म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनची राजधानी कीव्हमधून बोलताना एका अमेरिकी वाहिनीचा वार्ताहर म्हणाला, की हे काही इराक-अफगाणिस्तान नव्हे, तुलनेनं ‘सुसंस्कृत’ शहर आहे. नंतर त्यानं माफी मागितली. १२ नोव्हेंबर २०१५ ला लेबनॉनच्या बैरूतमधल्या आत्मघातकी स्फोटांत चाळीसहून जास्त माणसं गेली, दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये १३०. ‘मी सुरक्षित आहे’ हे कळवायची सोय फेसबुकनं पॅरिससाठी सुरू केली, बैरूतसाठी नाही.

पण सगळं रंगावर ढकललं की दुसरं कारण निसटतं, आणि ते जास्त चिवट आहे. युद्धाची बातमी व्हायला व्हिसा मिळालेला बातमीदार लागतो, त्याला नाके पार करून नेणारा स्थानिक माणूस लागतो (याला ‘फिक्सर’ म्हणतात), आणि चित्रफीत बाहेर जाईल इतकं इंटरनेट लागतं. इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात नोव्हेंबर २०२० मध्ये लढाई पेटली त्याच रात्री फोन आणि नेट बंद झालं. सुदानमध्ये लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल १५ एप्रिल २०२३ पासून लढताहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथलं नेट जवळजवळ देशभर ठप्प होतं. गाझात इस्रायलनं परदेशी बातमीदारांना स्वतंत्रपणे शिरू दिलं नाही, तरी चित्रं जगभर पोचली, कारण तिथलेच बातमीदार ती टिपत होते. त्यातले कितीतरी मारले गेले.

तेव्हा चार ओळी दिसल्या की संपादकाला शिव्या घालण्याआधी एवढं बघा : ती बातमी कुठून पाठवली आहे? सुदानची बातमी नैरोबीहून किंवा कैरोहून आली असेल, तर आत कुणी पोचलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

प्रश्न : एकाच युद्धाचे तीन-तीन आकडे येतात. खरा कोणता?

बहुतेक वेळा तिन्ही खरे असतात. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत असतो, आणि भांडणं होतात ती इथेच.

पहिला आकडा पडताळलेल्या मृत्यूंचा. युक्रेनमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय एकेका नागरिकाचा मृत्यू तपासून मगच यादीत घेतं. म्हणून मारियुपोलसारख्या, जिथे तपासनीस पोचूच शकले नाहीत अशा शहरातले असंख्य मृत्यू त्यात नाहीत. खरा आकडा बराच मोठा असेल, हे ते कार्यालय स्वतःच लिहितं. बातमी छापताना नेमकं तेच वाक्य गळतं. हा आकडा म्हणजे तळ, ‘निदान इतके तरी’.

दुसरा आकडा अंदाजाचा. अंदाज म्हणजे हवेतली गोळी नव्हे. समजा, दोन संघटनांनी एकाच शहरातल्या मृतांच्या स्वतंत्र याद्या केल्या. एकीत १०० नावं, दुसरीत ८०, आणि ४० नावं दोन्हींत आहेत. म्हणजे दुसऱ्या यादीतली निम्मी माणसं पहिलीला सापडली होती. मग पहिलीला एकूण मृतांपैकीही निम्मेच सापडले असणार, म्हणजे एकूण २००. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर नावं भरतात १४०. उरलेले ६० कुणाच्याच वहीत नाहीत. दोन्ही संघटना त्याच दोन गल्ल्यांत फिरत असतील तर समान नावं फुगतात आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून प्रत्यक्षात दोनांवर भागत नाही, जास्त याद्या ताडून पाहतात. सीरियात संयुक्त राष्ट्रांनी अशाच पद्धतीनं मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत ३,०६,८८७ नागरिक मारले गेल्याचं २०२२ मध्ये सांगितलं. त्यांतल्या १,४३,३५० जणांचीच सविस्तर नोंद सापडली होती.

तिसरा आकडा ‘अतिरिक्त मृत्यूं’चा : युद्ध नसतं तर जगले असते असे सगळे. येमेनमध्ये २०२१ अखेरपर्यंत ३,७७,००० मृत्यू, असा यूएनडीपीचा (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा) हिशोब आहे. त्यातले जवळपास ६० टक्के भूक, रोगराई आणि बंद पडलेले दवाखाने यांचे. इथे घोळ होतो तो मूळ दरात. शांततेच्या काळात किती माणसं मरत होती हा दर कमी धरला, की युद्धाच्या खात्यावर जास्त मृत्यू पडतात. काँगोतल्या युद्धानं ५४ लाख बळी घेतले, या अंदाजावरचा मोठा आक्षेप हाच होता.

एका युद्धाचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा तिसरा शेजारी मांडून ‘बघा, जग कुणासाठी रडतं’ असं लिहिलेलं दिसलं तर पुढे वाचू नका. आणखी एक. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाचा आकडा नागरिक आणि लढवय्ये वेगळे करत नाही. एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, कारण त्यांच्या याद्यांत नाव, वय आणि ओळख क्रमांक असतात. पण त्याला सरसकट ‘नागरिक’ म्हणणंही चूक.

प्रश्न : ‘लक्ष्य लष्करी होतं, नागरिक चुकून गेले’ म्हटलं की प्रकरण मिटतं का?

नाही. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेला पहिला पूरक करार (प्रोटोकॉल) सांगतो, की लक्ष्य लष्करी असलं तरी अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानानं नागरिकांची हानी बेसुमार होणार असेल तर हल्ला करायचा नाही, आणि हल्ल्याआधी शक्य ती खबरदारी घ्यायची. माणूस नागरिक आहे की नाही याची शंका असेल तर नागरिकच धरायचं. मात्र मोजमाप हल्ला ठरवताना काय ठाऊक होतं यावर होतं, नंतर किती प्रेतं निघाली यावर नाही. म्हणूनच खटले उभे राहायला वर्षं लागतात.

प्रश्न : हल्ल्याच्या चित्रफिती पुढे पाठवू की नको?

आधी फितीतल्या दोन-तीन ठळक दृश्यांचे स्क्रीनशॉट काढून उलट प्रतिमाशोधात (चित्र देऊन ते आधी कुठे आलंय ते शोधणं, ‘रिव्हर्स इमेज सर्च’) टाका. जुन्याच युद्धातली फीत नव्या नावानं फिरणं नेहमीचं आहे. मग मशिदीचा मिनार, पाण्याची टाकी, दुकानाची पाटी यांतलं काहीतरी उपग्रह नकाशावर जुळतं का ते बघा.

खरी निघाली तर पुढे ढकलण्यापेक्षा जपून ठेवणं जास्त उपयोगी. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत सीरियातल्या अत्याचारांच्या पुष्कळ फिती हिंसक म्हणून उडाल्या, त्यांत पुरावाही गेला. पहिल्यांदा टाकलेल्या जागेचा दुवा, तारीख आणि वेळ टिपून ठेवा. चेहरा ओळखू येणाऱ्या जखमींचं चित्र सार्वजनिक करू नका. आणि टिपणाऱ्या माणसाशी थेट ओळख असेल तर मूळ फाइल मागा, तीही व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. साध्या व्हिडिओसारखी पाठवली तर ती दाबली जाते, आणि आतली वेळ-ठिकाणाची नोंद वाटेतच गळून पडते.