संघ, महासंघ आणि लोहाराचा घण

प्रश्न : बातम्यांत कधी ‘युरोपीय संघ’ येतं, कधी ‘युरोपीय महासंघ’. बरोबर कोणतं? आणि सार्क (दक्षिण आशियाई देशांचा गट) हा संघ की संघटना?

उत्तर : ‘युरोपीय संघ’. हा ‘महा’ कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे, पण रोज कानावर आदळतो. महासंघ म्हणजे संघांचा संघ. पाच-दहा कामगार संघ एकत्र आले की त्यांचा महासंघ होतो. युरोपात 27 देश एकत्र आलेत, 27 संघ नव्हेत. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम ही मुळातच संघराज्यं आहेत ना, असं कुणी म्हणेल. असतील, पण बाकीच्यांचं काय? नुसता आकार बघून ‘महा’ जोडायचा असेल तर मग प्रश्नच मिटला.

‘संघराज्य’ आणि ‘राज्यसंघ’ यांचीही अशीच सरमिसळ चालते. तत्पुरुष समासात शेवटचं पद मुख्य, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. संघराज्य हे शेवटी एक राज्य. राज्यसंघ हा अनेक राज्यांचा संघ. जर्मन भाषेतही हीच उलटापालट आहे : बुंडेसश्टाट आणि श्टाटेनबुंड. युरोपीय संघ यांपैकी कशातच धड बसेना, म्हणून 1993 साली जर्मनीच्या घटना न्यायालयाने ‘श्टाटेनफरबुंड’ असा मधला शब्द वापरला. आपल्याकडे असा मधला शब्द अजून कुणी घडवलेला नाही. आपण ‘महा’ लावून मोकळे.

पण खरी गंमत ‘संघ’ या शब्दाच्या पोटात आहे. पुष्कळांना वाटतं, संघ, संघटना, संघर्ष ही सख्खी भावंडं. साफ चूक. संघटना ‘घट्’पासून, म्हणजे जुळवणं, बसवणं, घटक आणि राज्यघटना त्याच घरातले. संघर्ष ‘घृष्’पासून, म्हणजे घासणं. आणि संघ? सम् + हन्. हन् म्हणजे हाणणं, मारणं! पाणिनीने ‘गण’ या अर्थी संघ हे रूप मुद्दाम सूत्र करून दिलंय (3.3.86). ‘विघ्न’सुद्धा याच हन्-चं, फक्त मागे ‘वि’. म्हणजे संघ आणि विघ्न एकाच धातूचे, उपसर्ग तेवढा वेगळा.

एका संस्कृतज्ञांनी यावर मला सुनावलं, की धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, हन्-चे हिंसा आणि गती असे दोन अर्थ आहेत, तेव्हा संघ म्हणजे ‘एकत्र चालणारे’. ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. त्याच पाणिनीने थोडं आधी (3.3.77) हन्-वरूनच ‘घन’ साधलाय, घट्ट या अर्थी. तिथे कोण कुठे चालतंय? आणि या ‘घन’चाच मराठी अवतार म्हणजे लोहाराचा घण. माझ्या डोळ्यांसमोर संघ म्हटलं की तेच चित्र येतं : लाल तापलेले लोखंडाचे दोन तुकडे ऐरणीवर एकमेकांवर ठेवलेत आणि वरून घण पडतोय. ठोकून एकजीव झालेलं ते संहत, तोच संघ. कौटिल्याने हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवलेत : ‘संघा हि संहतत्वादधृष्याः परेषाम्’. संहत असतात म्हणूनच संघ शत्रूला आवरत नाहीत. (याच कौटिल्याच्या ‘मंडला’त, म्हणजे शत्रू-मित्र राजांच्या मांडणीत, लगतचा राजा म्हणजे शत्रू, हेही सांगून ठेवतो. शेजाऱ्यांचा संघ त्याला कितपत पचला असता कोण जाणे.)

आता बघा, युरोपीय संघाची सुरुवात कशातून झाली? 1951 च्या पॅरिस करारातून, सहा देशांच्या कोळशा-पोलादाच्या समुदायातून. कोळसा आणि पोलाद! भाता तेवढा राहिला. हा योगायोग आहे हे मलाही कळतं, पण असा योगायोग सोडवत नाही. पुढे त्यांनी घटनाही करायला घेतली. 2005 मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी ती नाकारली. म्हणजे तिथे ‘हन्’ जमलं, ‘घट्’ राहून गेलं. आणि ठोकलेला सांधाही निखळतो : 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन बाहेर पडलं. आपल्या संविधानाच्या पहिल्या कलमातल्या ‘राज्यांच्या संघा’तून मात्र असं निघता येत नाही. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत ‘संघ’ शब्दाचं कारण हेच दिलं होतं.

सार्कचं राहिलंच. ‘संघटना’ म्हणा. 1985 साली ढाक्यात सात देशांची जुळणी झाली, 2007 मध्ये अफगाणिस्तान आठवा. सनदेतच लिहिलंय की निर्णय एकमताने व्हायचे आणि दोन देशांमधले वादाचे विषय काढायचेच नाहीत. म्हणजे घण उचलायलाच बंदी. 2014 च्या काठमांडूनंतर शिखर परिषदही झालेली नाही. फक्त कृपा करून ‘संगठन’ म्हणू नका. ते हिंदीचं, मराठीत ‘ठ’ला तिथे काही काम नाही.