घरी मराठी, बाहेर हिंदी: दहा महिन्यांचं बाळ अजून शब्द बोलत नाही, एकच भाषा ठेवावी का?

नाही, मराठी मुळीच बंद करू नका. दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं असं नसतं, आणि दहाव्या महिन्यात एकही शब्द नसणं अगदी नेहमीचं आहे. पहिला अर्थाचा शब्द बहुतेकांचा वर्षाच्या आसपास येतो, तोही दोन्हींपैकी कुठल्याही भाषेतला चालतो. इंदूरला रामबागेत आमच्याकडे हेच चालतं: आजी विचारते "चांदोबा कुठंय?", कामवाल्या ताई विचारतात "चंदा मामा कहाँ?", आणि आमची अकरा महिन्यांची पोर दोघींना खिडकीच दाखवते. शब्द मोजत बसण्यापेक्षा हे बघा:
- नाव घेतल्यावर वळतं का
- "बाबाबा", "दादादा" अशी बडबड करतं का
- "नाही" म्हटल्यावर क्षणभर थबकतं का

(मोबाइलवरची गाणी बोलण्यात धरू नका. समोरच्या माणसाने उत्तर द्यायला हवं.) मात्र हाकेला वळत नसेल किंवा अशी बडबडच नसेल, तर भाषेला दोष न देता बालरोगतज्ज्ञांना सांगून कान तपासून घ्या, जन्मानंतरची तपासणी ठीक आली असली तरी. बेरा ही ऐकू येतं का ते बघणारी चाचणी बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही.