न्यूयॉर्क राज्याने फ्रॅकिंगचे परवाने सहा वर्षं रोखून धरले, ही निव्वळ दिरंगाई नव्हती का?

तुम्ही लिहिलंय, की तुमचं घर ओहायोत आहे, फ्रॅकिंगसाठी (म्हणजे खोल खडकात जोराने पाणी, वाळू आणि रसायनं सोडून, तो फोडून गॅस काढण्यासाठी) जमिनीची लीज मागणारे दारोदार फिरताहेत, आणि न्यूयॉर्कसारखं ‘आधी अभ्यास, मग परवाना’ म्हणत बसणं म्हणजे वेळ घालवणं असं तुमच्या शेजाऱ्यांना वाटतं. मी त्या काळात न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनियाच्या सीमेलगत एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होतो. माझं मत पक्कं आहे: थांबले ते बरोबरच केलं. कारण आधी मोजलं नसेल, तर नंतर काहीही सिद्ध करता येत नाही.

सीमेपलीकडे, पेनसिल्व्हेनियात, एका आजीबाईंच्या बोअरच्या पाण्याचा नमुना घ्यायला गेलो होतो. मिथेनसाठीची बाटली चाळीस मिलीलिटरची, एवढीशी. काठोकाठ भरायची, झाकण लावायचं आणि उलटी धरून बघायची. आत हवेचा बुडबुडा दिसला तर नमुना बाद, कारण पाण्यातला वायू त्या बुडबुड्यात जातो आणि आकडा चुकतो. त्यांच्या नळाला ती बाटली धड भरेचना. पाणी दुधाळ, सोड्यासारखं फसफसणारं. उलटी केली की बुडबुडा हजर. आजींनी विचारलं, “हे त्या गॅसच्या विहिरीमुळेच ना?” मी आधीचा रिपोर्ट मागितला. त्यांनी कपाटातून घर घेतानाचा कागद काढून दिला. त्यावर एकच तपासणी होती, जंतूंची. मिथेन, क्लोराइड, बेरियम, कशाचीच नोंद नव्हती.

त्या भागातल्या काही बोअरमध्ये मिथेन मुळातच असतो, हे खरं आहे. कंपनीचे वकील नेमकं तेच सांगतात, आणि जुना आकडा नसेल तर त्यांना खोडून काढणं फार अवघड जातं. पेनसिल्व्हेनियाने २०१२ च्या कायद्यात गॅसच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि तिचं काम झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचाच धरायचा, अशी तरतूद केली. पण त्रास तेराव्या महिन्यात सुरू झाला तर? पुरावा पुन्हा तुम्हीच द्यायचा.

आता त्या वर्षांतलं चित्र बघा. फ्रॅकिंगच्या एका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी लागतं. त्यातलं काही परत वर येतं, तेव्हा मार्सेलस शेलमधलं (या भागातल्या खोल, गॅसवाल्या खडकाच्या थरातलं) मीठ, बेरियम आणि किरणोत्सारी रेडियम सोबत आणतं. ते टाकायचं कुठे? तुमच्याच ओहायोत, यंग्सटाउनला, असं सांडपाणी खोल जमिनीत सोडल्यामुळे २०११ मध्ये भूकंपाचे धक्के बसले. शिवाय २००५ च्या केंद्रीय कायद्याने फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षण कायद्यातून जवळजवळ पूर्ण सूट दिलेली. म्हणजे राज्याने नाही अडवलं तर अडवणारं फारसं कोणी नव्हतंच.

न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नर पॅटरसन यांनी २००८ मध्ये पर्यावरणाचा आढावा नव्याने घ्यायला सांगितलं. आरोग्य खात्याला मात्र २०१२ मध्ये विचारलं गेलं. हा उशीर मला आजही खटकतो. माणसांच्या तब्येतीचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. १७ डिसेंबर २०१४ ला प्रभारी आरोग्य आयुक्त हॉवर्ड झकर यांनी निष्कर्ष सांगितला, की हे सुरक्षित आहे असं म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि आपण स्वतः अशा ठिकाणी राहणार नाही. जून २०१५ मध्ये अधिकृत बंदी आली. मेरीलँडनेही आधी थांबून अभ्यास केला आणि २०१७ मध्ये कायद्यानेच बंदी घातली. त्या कायद्यावर रिपब्लिकन गव्हर्नर होगन यांची सही आहे.

या थांबण्याची किंमत कोणी मोजलीच नाही असं मी म्हणणार नाही. दक्षिण न्यूयॉर्कमधले दूधवाले शेतकरी लीजच्या पैशांवर कर्ज फेडायची आशा धरून होते. पलीकडचा शेजारी नवा ट्रॅक्टर घेतोय आणि आपण गोठा विकतोय, हे बघणं सोपं नसतं. त्यांना राज्याने निदान एक तारीख द्यायला हवी होती.

पण पुढे काय निघालं तेही बघा. पिट्सबर्ग विद्यापीठाचे पेनसिल्व्हेनियातले अभ्यास २०२३ मध्ये आले. विहिरींजवळ राहणाऱ्यांमध्ये दम्याचे तीव्र झटके जास्त आढळले, आणि एक मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांमध्ये लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं) प्रमाणही. बालपणीच्या ल्युकेमियाशी (रक्ताच्या कर्करोगाशी) संबंध आढळला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. हे सगळं कळेपर्यंत तिथे हजारो विहिरी खोदून झाल्या होत्या.

तुमच्यापुरतं सांगायचं तर लीजवर सही करायच्या आधी बोअरचं पाणी तपासून घ्या, तेही कंपनीने पाठवलेल्या माणसाकडून नव्हे, स्वतः निवडलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून. मिथेन, इथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि एकूण विरघळलेले क्षार, एवढं तरी यादीत असू द्या. पावसाळी दिवसांत एकदा आणि कोरड्या दिवसांत एकदा, असे दोन नमुने घ्या, कारण आकडे ऋतूप्रमाणे हलतात. फिल्टर असेल तर पाणी त्याच्या आधीच्या नळातून घ्यायला सांगा. मूळ रिपोर्ट कोणाला देऊ नका, प्रतच द्या. आणि शेजाऱ्यांनाही सोबत घ्या, म्हणजे उद्या वेळ आलीच तर तुमचा आकडा एकटा पडणार नाही.